गिडिऑन सुंडबॅकची चेन

२४ एप्रिल २०१२ ला गूगलच्या पानावर एक भली मोठी चेन होती. वरपासून खालपर्यंत, पानाच्या मधोमध. रनर माउसने धरून खाली ओढला की पान दोन बाजूंना उलगडायचं आणि आतून सर्चचे रिझल्ट दिसायचे. माझी सातवीची परीक्षा नुकतीच संपली होती. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका सायबर कॅफेत अर्ध्या तासाचे दहा रुपये भरून मी आणि माझी मावसबहीण बसलो होतो, आणि त्यातला निम्मा वेळ आम्ही मागे जाऊन पुन्हा पुन्हा ती चेन ओढण्यात घालवला. रिझल्टमध्ये एका माणसाचं नाव होतं. गिडिऑन सुंडबॅक. त्या दिवशी त्याचा १३२ वा वाढदिवस होता. आम्ही त्यावर क्लिक केलं नाही. बारा वर्षांच्या मुलींना चेन ओढायची असते, ती कुणी बनवली हे कुणाला हवंय.

नाव परत भेटलं ते थेट नोकरी लागल्यावर. मी चाकणला एका कंपनीत प्लास्टिकच्या क्लिपा डिझाइन करते. गाडीच्या दाराचं आतलं पॅनल ज्यांच्यावर टिकून असतं, त्या क्लिपा. गाडी घेणारा माणूस त्या आयुष्यात कधी बघत नाही. निसटली आणि दार खडखडायला लागलं, तरच त्यांची आठवण होते. आमच्या भाषेत हे सगळं ‘फास्टनर’मध्ये मोडतं. स्क्रू, रिव्हेट, बटण, हूक, चेन, सगळी एकाच खानदानातली. पहिल्या महिन्यात जुनी पेटंटं चाळायला दिली होती. त्यात २० मार्च १९१७ चं एक पेटंट होतं, ‘सेपरेबल फास्टनर’ नावाचं, आणि खाली त्याचं नाव. ती आकृती मी ओळखली. ओळखणारच. आमच्या घराची चूल काही वर्षं त्या आकृतीवर चालली होती.

माझी आई जीन्सला चेन लावायची.

आधी नुसते रनर भरायची, घरी बसून. चेन कारखान्यात रिळावर येते, लांबच लांब, रनरशिवाय. फ्लायला शिवून, मापाने कापून झाली की प्रत्येकीत हाताने रनर ओवावा लागतो. त्यासाठी एक छोटासा लोखंडी स्टँड असतो. त्यावर रनर बसवायचा, पट्टीची दोन टोकं दोन तोंडांतून आत घालायची आणि एका दमात खेचायची. टोकं वरखाली झाली की चेन तिरकी चालते. नंतर ती मशीनवर गेली आणि चेन शिवायला लागली. एका पीसला सव्वा रुपया. दिवसाला किती पीस होत असतील ते विचारलं की ती अजूनही सांगत नाही. म्हणते, “मोजायचं काम सेठचं होतं.”

तर चेन कशी चालते हे मला कॉलेजने शिकवायच्या आधी आईने शिकवलं होतं. तुम्हीही करून बघा. जीन्सची किंवा जुन्या पर्सची धातूची चेन घ्या, अर्धी उघडा आणि फोनचा कॅमेरा झूम करून एक दात बघा. नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही. दाताच्या एका अंगाला बारीकसा उंचवटा असतो आणि दुसऱ्या अंगाला तेवढाच खळगा. दोन्ही पट्ट्यांवरचे दात समोरासमोर नसतात, एकाआड एक असतात. डावीकडच्या दोन दातांमधल्या फटीत उजवीकडचा एक दात बसायचा असतो. गंमत अशी, की पट्टी सरळ असताना ती फट दाताला पुरत नाही. दात आत जाऊच शकत नाही. पट्टी वाकवली, की आपली बोटं फाकतात तसे दात एकमेकांपासून किंचित लांब होतात आणि फट रुंदावते. रनरच्या पोटात इंग्रजी वाय अक्षरासारखी वाट असते. तो दोन्ही पट्ट्यांना नेमक्या त्या जागी वाकवतो, दात एकेक करून आत सरकवतो आणि पुढे जातो. तो पुढे गेला की पट्टी सरळ होते, फट मिटते, उंचवटा खळग्यात अडकून राहतो. आता काय ओढायचं ते ओढा.

म्हणजे रनर काही बांधत नाही, तो कुलूपही नाही. दात सरळ पट्टीत अडकून राहतात ते स्वतःच्याच आकारामुळे.

हे मला पेटंटमध्ये पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले होते. क्लिपांमध्ये आम्ही मटेरियल थोडं लवचीक ठेवतो, ते दबतं आणि परत येतं, त्यावर सगळा खेळ. इथे दात अजिबात दबत नाही. कापड वाकतं. कडक धातूचं काम या माणसाने मऊ कापडाकडून करून घेतलं होतं.

हा माणूस स्वीडनचा. दक्षिणेकडच्या स्मोलांड प्रांतात, येनशेपिंग शहराजवळच्या ओडेस्टुगू गावी १८८० मध्ये जन्मलेला. स्मोलांडची जमीन दगडांची. शेतातून वेचून काढलेल्या दगडांचे बांध तिथे मैलोन्‌मैल पसरलेत. आमचं मूळ गाव माण तालुक्यातलं, त्यामुळे दगड वेचणं म्हणजे काय हे मला समजावून सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत १२ लाखांहून जास्त स्वीडिश माणसं अमेरिकेला गेली, आणि त्यात स्मोलांडची खूप होती. पण गिडिऑन भुकेने गेला नाही. बाप खाऊनपिऊन सुखी शेतकरी होता. मुलगा शिकायला जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या बिंगेनला गेला, १९०३ मध्ये इंजिनिअर झाला आणि १९०५ मध्ये अमेरिकेला. गरीब स्थलांतरिताची रडकथा शोधायला गेलात तर इथे मिळणार नाही. शिकलेला पोरगा, चांगलं काम कुठे आहे ते बघत निघालेला. चाकणच्या आमच्या ऑफिसात असे वीसेक आहेत.

(जाता जाता: येनशेपिंग हे आगपेट्यांचं शहर. तिथल्या स्वीडिश मॅच कंपनीने १९२३ मध्ये मुंबईत वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी काढली. तिचं छोटं नाव विम्को. अंबरनाथला विम्को नाका अजून आहे, आणि माझी आत्या त्याच्या मागच्या गल्लीत राहते. सुंडबॅकच्या जिल्ह्याचा आमच्या जिल्ह्याशी एवढाच संबंध, पण मला तो कळला तेव्हा उगाच बरं वाटलं.)

अमेरिकेत तो आधी पिट्सबर्गला वेस्टिंगहाउसमध्ये लागला. विजेच्या यंत्रांची त्या काळातली सगळ्यात मोठी नावं घ्यायची तर त्यात हे नाव येणारच. आणि वर्षभरात, १९०६ मध्ये, ती नोकरी सोडून तो न्यू जर्सीतल्या होबोकन गावी हुकांच्या एका कर्जबाजारी कारखान्यात आला. आमच्याकडे कुणी असं केलं असतं तर मामाला बोलावून समजूत घालायला लावली असती.

त्या कारखान्याची गोष्ट आधी सांगायला हवी. व्हिटकॉम्ब जडसन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने बुटांचे बंद बांधायचा त्रास वाचवायला ‘क्लास्प लॉकर’ नावाची वस्तू काढली होती. हूक आणि कड्यांची ओळ, आणि त्या एका झटक्यात अडकवणारी सरकती किल्ली. १८९३ मध्ये पेटंट मिळालं, त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ती मांडली गेली. लोकांनी बघितली आणि पुढे गेले. त्याच्याही आधी, १८५१ मध्ये, शिवणयंत्रवाल्या एलायस हाव यानेही अशाच एका बंदाचं पेटंट घेतलं होतं. शिवणयंत्रातून त्याला सवड मिळाली नसावी, ते तसंच राहिलं. जडसनच्या मागे मात्र ल्युईस वॉकर नावाचा एक वकील पैसे घेऊन उभा राहिला, आणि वर्षानुवर्षं उभाच राहिला. अशा माणसांबद्दल मला नेहमी प्रश्न पडतो. शोध लावणाऱ्याला निदान स्वतःच्या हाताची खाज असते. पैसे घालणाऱ्याला एवढा विश्वास कुठून येतो?

कारण माल चांगला नव्हता. सुंडबॅक आला तेव्हा कंपनी ‘सी-क्युरिटी’ नावाचा प्रकार विकत होती, पुढे १९०८ च्या सुमारास त्यात सुधारणा करून ‘प्लाको’ आला. बायकांच्या स्कर्टला लावायचा. तो गंजायचा आणि नको तेव्हा सटकन उघडायचा. यात तुमची कल्पनाशक्ती तुम्ही वापरा. मूळ दुखणं हुकात होतं. हूक कडीत अडकतो, पण तो अडकलेला राहण्यासाठी सतत ताण लागतो. माणूस वाकला, बसला, ताण बदलला, की एक हूक निसटतो, आणि एक निसटला की शेजारचा.

सुंडबॅकने हा हूक सुधारण्यात काही वर्षं घालवली. प्लाको हा त्याचाच हात लागलेला. मग हूकच काढून टाकला. पहिल्या हूकविरहित नमुन्यात एका बाजूला कापडाची गोट मारलेली जाड कड होती आणि दुसऱ्या बाजूला ती कड जबड्यासारखी पकडणारे धातूचे चिमटे. बघायला छान. मोजक्या वेळा उघडझाप केली की चिमट्यांनी कापड खाल्लेलं असायचं. म्हणजे पुन्हा शून्य.

आता मधली गोष्ट. होबोकनच्या कारखान्याचा व्यवस्थापक पीटर ॲरॉनसन हाही स्वीडिश. त्याची मुलगी एल्व्हिरा हिच्याशी १९०९ मध्ये सुंडबॅकचं लग्न झालं. १९११ मध्ये ती वारली. मागे लहान मुलगी.

चेनबद्दल इंटरनेटवर तुम्ही काहीही वाचा, अगदी पाच ओळींचं, त्यात हे वाक्य असतंच: पत्नीच्या दुःखात त्याने स्वतःला कामात बुडवून घेतलं आणि डिसेंबर १९१३ मध्ये आधुनिक चेन जन्माला आली. वाक्य सुंदर आहे. रील करायला तर फारच. माझा त्यावर विश्वास नाही, आणि का नाही ते सांगते.

माझे बाबा २००८ मध्ये गेले. कावीळ. मी आठ वर्षांची होते. तेरावं झालं आणि त्याच आठवड्यात आईने काम धरलं. घरी येणारी प्रत्येक बाई एकच बोलायची: बरं झालं, कामात मन रमेल. आजी म्हणायची, काकू म्हणायच्या, चाळीतल्या सगळ्या म्हणायच्या. मोठी होईपर्यंत मीसुद्धा तसंच समजत होते. म्हणजे आईला दुःख होतं, तिने ते मशीनवर घातलं, आणि त्यातून आमच्या फिया निघाल्या. निबंधात मी हे लिहिलंही होतं. बक्षीस मिळालं होतं.

गेल्या दिवाळीत मी तिला सुंडबॅकची गोष्ट सांगितली. बायको गेली आणि मग त्याने कामात स्वतःला बुडवून घेतलं, वगैरे. आणि विचारलं, “तुला बरं वाटायचं का गं कामावर?”

ती करंज्यांना मुरड घालत होती. म्हणाली, “बरं कसलं वाटतंय? भाडं होतं.”

मग थोड्या वेळाने, मी विषय बदलल्यावर: “तिकडं रडता यायचं नाही, एवढंच. डोळ्यांत पाणी आलं की शिलाई वाकडी जाते. उसवून परत घालायला पैसे देत नाही कुणी.”

तेव्हापासून ते सुंदर वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. बघा ना: बायको जायच्या आधी पाच वर्षं तो माणूस त्याच कामावर होता. तिच्यानंतर लगेच काही झालं नाही, दोन वर्षं गेली, आणि त्या काळात चिमट्यांचा नमुना फसला. चिमटे कापड खातात हा प्रश्न शोकाने सुटत नाही. तो दाताचा आकार बदलून, परत बदलून, कापडाची पट्टी बदलून, पाचशे वेळा ओढून बघून सुटतो. घरात आईविना पोर, कारखान्यात मुलगी गमावलेला सासरा, कंपनीवर देणं. तो रोज कामावर गेला कारण कामावर जायचं होतं. दुःख होतं आणि कामही होतं. दोन्ही एकाच माणसात राहत होती, एकमेकांच्या मदतीला धावत नव्हती. शोधामागे शोक लावला की गोष्टीला वजन येतं, पण कामाचं वजन त्यात हरवतं. लोकांना आईच्या पदराला पुसलेले डोळे दिसले. तिची शिलाई सरळ होती हे कुणी बघितलं नाही.

असो. १९१३ च्या अखेरीला जे बनलं ते ‘हूकलेस नंबर दोन’. कप्प्यात कप्पा बसावा तसे एकात एक बसणारे दात. आधीच्या प्रकारांत इंचाला चार हूक असायचे, इथे इंचाला दहा-अकरा दात. एवढं जवळजवळ बसवल्यावर ताण सगळ्यांवर वाटला जातो आणि एखाददुसऱ्यावर येत नाही. उंचवटा-खळगा, एकाआड एक, वाकणारी पट्टी, सगळं त्यात आहे. आज तुमच्या बॅगेला आहे ते हेच.

आईला मी आकृती दाखवली. फोनवर, बोटांनी मोठी करून. तिने दात बघितले, मान हलवली आणि विचारलं, “हे कापडावर बसवायचे कसे? एकेक, हातानं?”

शंभर वर्षांत हा प्रश्न फार कमी लोकांनी विचारला असेल. आम्ही इंजिनिअर लोकसुद्धा आकृतीवर खूश होतो. पण सुंडबॅकला तोच प्रश्न पडला होता. एक फूट चेन म्हणजे प्रत्येक बाजूला सव्वाशेच्या आसपास दात, सगळे सारख्या मापाचे, सारख्या अंतरावर. एक दात केसभर सरकला तर रनर तिथेच अडकणार. हाताने हे होणं नाही, आणि झालं तरी ती चेन कुणाला परवडणार? म्हणून त्याने चेनसोबत चेन बनवणारं यंत्रही बनवलं. आधी पत्र्याच्या पट्टीतून दात ठोकून काढायचे, तर दातापेक्षा भंगारच जास्त. त्याने मग तारच अशी घेतली, जिचा छेद वाय अक्षराचा आहे. त्या तारेचे काप काढले की प्रत्येक काप म्हणजे दोन पायांचा तयार दात. यंत्र काप काढतं, डोक्यावर दाबून उंचवटा-खळगा करतं, पाय पट्टीच्या कडेवर आवळतं आणि पट्टी एक घर पुढे सरकवतं. भंगार नाही. म्हणून त्या यंत्राचं नावच ‘स्क्रॅपलेस’, थोडक्यात एस-एल. पहिल्या वर्षातच ते दिवसाला काहीशे फूट चेन काढू लागलं.

मला विचाराल तर खरा शोध हा. दाताची कल्पना एखाद्या रात्री सुचू शकते. तार, काप, दाब, पट्टी, घर पुढे, पुन्हा तार, पुन्हा काप, हे चालतं करायला कारखान्यात उभं राहावं लागतं, तेलाने हात काळे करून.

मी हे सगळं समजावून सांगितल्यावर आई म्हणाली, “मग हा माणूस बसलेला दिसतो मशीनवर.” तिच्याकडून यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मी ऐकलेलं नाही.

यानंतर चेन सगळीकडे पसरली असं वाटेल. नाही. कंपनी होबोकनहून पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिल गावी आली, वॉकर वकिलाच्या गावी, आणि हूकलेस फास्टनर कंपनी झाली. कपडे शिवणाऱ्यांनी मात्र आधीच्या हुकांचा अनुभव घेतला होता. दुधाने तोंड पोळलेले होते सगळे. पहिली गिऱ्हाइकं भलतीच निघाली: पहिल्या महायुद्धातल्या खलाशांचे पैसे ठेवायचे कमरपट्टे, मग तंबाखूच्या पिशव्या. १९२३ मध्ये बी. एफ. गुडरिच कंपनीने बर्फाचिखलात घालायच्या रबरी बुटांना चेन लावली आणि त्या बुटांचं नाव ठेवलं ‘झिपर’. आवाजावरून. नाव बुटांचं होतं, लोकांनी ते चेनला चिकटवलं. कपड्यांत ती खऱ्या अर्थाने आली १९३० च्या दशकात, म्हणजे शोधाला वीस वर्षं उलटल्यावर. आधी लहान मुलांच्या कपड्यांत, मग फॅशनवाल्यांकडे, मग पुरुषांच्या पँटीत.

नावांचं तर काय सांगावं. स्वीडिशमध्ये चेनला ‘ब्लिक्स्टलोस’ म्हणतात, म्हणजे विजेचं कुलूप. इंग्रजीत बुटांचं नाव. आपण चेन म्हणतो, साखळीवरून. कंपनीने १९३७ मध्ये स्वतःचं नाव ‘टॅलन’ केलं, म्हणजे शिकारी पक्ष्याची नखी. आणि तुमच्या जीन्सच्या रनरवर बहुधा वायकेके लिहिलेलं असेल. ती तादाओ योशिदाने १९३४ मध्ये टोकियोत सुरू केलेल्या कंपनीची खूण. (आमच्याकडे येणाऱ्या रनरवर कधीकधी या तीन अक्षरांपैकी दोनच बरोबर असायची. उल्हासनगरात ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुम्ही ऐकला असेलच. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत येऊन उतरलेल्या माणसांनी वसवलेलं शहर आहे ते. दुसऱ्याची चेन लावून स्वतःची पँट विकण्याबद्दल मी त्यांना नावं ठेवणार नाही.) एवढ्या सगळ्या नावांत सुंडबॅक कुठेच नाही.

पण माणूस भोळा नव्हता. या पेटंटाचे अमेरिकेतले हक्क कंपनीकडे होते. अमेरिकेबाहेरचे त्याने स्वतःकडे ठेवले. त्या जोरावर त्याने कॅनडात, ऑन्टारिओतल्या सेंट कॅथरिन्स गावी लाइटनिंग फास्टनर कंपनी काढली. राहायचा मीडव्हिललाच, पण अध्यक्ष तिकडचा. त्यामुळे चेनचा शोध कॅनडात लागला आणि सुंडबॅक कॅनडाचा, असं आजही काही ठिकाणी छापलेलं सापडतं. स्वीडनने १९५१ मध्ये त्याला आपल्या विज्ञान-अभियांत्रिकी अकादमीचं सुवर्णपदक दिलं. अमेरिकेने आपल्या संशोधकांच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचं नाव घातलं ते २००६ मध्ये, तो जाऊन ५२ वर्षं झाल्यावर. एकदा माणूस देश सोडून निघाला की नंतर सगळेच देश त्याला आपला म्हणतात, फक्त त्याने काहीतरी करून दाखवलेलं असावं लागतं. रनर भरणाऱ्या बाईवर माण तालुक्याने कधी हक्क सांगितलेला नाही.

मीडव्हिलचं पुढे काय झालं हेही मला आवडतं. टॅलनची यंत्रं बनवता-दुरुस्त करता तिथे डाय आणि टूल बनवणाऱ्यांची एक अख्खी पिढी तयार झाली. त्यांनी स्वतःची छोटी वर्कशॉपं टाकली. टॅलन पुढे गाव सोडून गेली, ती वर्कशॉपं राहिली, आणि मीडव्हिल स्वतःला ‘टूल सिटी’ म्हणवतं. निळ्या मुठीच्या चॅनललॉक पकडी मिळतात ना, त्या याच गावच्या.

पकडीवरून आठवलं, एक कामाची गोष्ट सांगून ठेवते. बॅगेची चेन लावली आणि रनरच्या मागे ती पुन्हा उघडायला लागली, तर चेन खराब झाली म्हणून बॅग टाकू नका. दात बहुतेक वेळा ठीक असतात. वापरून वापरून रनरची तोंडं फाकलेली असतात, त्यामुळे तो दातांना पुरेसा दाबत नाही. रनर चेनच्या खालच्या टोकाला आणा, पकडीने त्याची एक बाजू हलकेच दाबा, मग दुसरी. जोर लावाल तर तो तुटेल. नवीन रनर बसवायला स्टेशनबाहेरचा चेनवाला जे घेईल ते द्या, घासाघीस करू नका.

माझ्याकडे सध्या जर्मनीतल्या एका कंपनीची ऑफर आहे. क्लिपांचंच काम. बिंगेनपासून ट्रेनने दोन तास, मी नकाशावर बघितलं. आईला सांगून पंधरा दिवस झाले, ती हो म्हणालेली नाही आणि नाहीही म्हणालेली नाही. मागच्या रविवारी मी घरी गेले तेव्हा एकदम म्हणाली, “तो चेनवाला परत गेला का गं गावाला?”

“नाही. मीडव्हिललाच वारला. १९५४ ला.”

“आणि मशीन कुणाकडं राहिली?”

मी सांगितलं. तिकडची कंपनीकडे, बाहेरच्या देशांतले हक्क त्याच्याकडे, त्यावर त्याने दुसरा कारखाना काढला.

“म्हणजे कागद वाचून सही केलेली त्यानं,” आई म्हणाली. “तुझा कागद कुठाय?”

मी फोनवर ऑफर लेटर उघडलं. एकोणीस पानं. इंग्रजीतून मराठी करत तिला वाचून दाखवायला घेतलं. पगार, रजा, विमा यांवर ती काही बोलली नाही. नवव्या पानावर एक कलम होतं: नोकरीच्या काळात मी जे काही डिझाइन करेन, त्यात जी काही सुधारणा करेन, त्याचे सर्व देशांतले हक्क कंपनीचे.

“सगळ्या देशांतले?”

“हो.”

तिने चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला आणि म्हणाली, “पुढं वाच.”